दुसऱ्या अल्बमचे ड्रम्स

आमच्या पहिल्या अल्बमवर ‘ड्रम्स’ या शब्दापुढे माझं नाव आहे. वाजवलेत मात्र दुसऱ्याने. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं, आणि गोष्ट पदराआड ठेवून हळूहळू दाखवायची मला सवय नाही.

आमचा तिघांचा बँड. पॉप रॉक म्हणतात तसलं वाजवतो, मराठीत, गिटार जोरात आणि पाय हलतील असं. गायकच गाणी लिहितो आणि गिटारही त्याचीच. तो नेरूळला मोठ्या सोसायटीत राहतो, बँकेत नोकरीला आहे आणि साधा चहा मागवायचा तरी आधी फायदे-तोटे मांडतो. बासवाला करंजाड्याला राहतो. तिथं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे प्रॅक्टिसला येताना त्याच्या खांद्याला बास आणि हातात रिकामे कॅन असतात. जाताना ते आमच्या नळावर भरून नेतो. आम्ही त्याला यावरून खूप छळतो, पण तो बास असा वाजवतो की बाकी सगळं माफ. तिसरी मी. शिरवण्याची, म्हणजे जुन्या गावठाणातलीच, आगऱ्यांची. पावण्याला एका केमिकल कंपनीत अकाउंट्स बघते आणि उरलेल्या वेळात ड्रम्स वाजवते. आईच्या मते हे नेमकं उलट आहे.

मी वाजवायला शिकले ती हळदीत. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद म्हणजे काय असते, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. बेंजो लागतो, आख्खी आळी नाचते, आणि नाचणाऱ्यांना चेव चढला की वाजवणाऱ्यांनीही चढायचं असतं. लय वाढली नाही तर लोक वाजवणाऱ्याला ‘जेवला नाय काय रं?’ असं विचारतात. माझा मामा बेंजो पार्टीत ढोलकीला होता. त्याच्या शेजारी बसून मी इलेक्ट्रॉनिक पॅडवर हात चालवायला लागले, पुढे घरात आदळआपट करून ड्रमसेट घेतला. पण हात तिथलेच राहिले. कोरस आला, माणसं उठली, की ते आपोआप पुढे धावतात.

रेकॉर्डिंगला हे चालत नाही. तिथं हेडफोनमधून कानात क्लिक वाजत असते, टिक टिक टिक, एकसारखी, आणि तुम्ही तिच्याबरोबर चालायचं. अंधेरीच्या स्टुडिओत प्रोड्यूसरने माझं पहिलंच गाणं अर्ध्यात थांबवलं. काचेपलीकडून म्हणाला, “मॅडम, कोरस आला की तुम्ही पळता.” पुन्हा वाजवलं, पुन्हा पळाले. मग त्याने एक फोन केला. एक माणूस स्वतःच्या काठ्या घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत सगळी गाणी वाजवून मोकळा झाला. तोवर मी काचेमागच्या सोफ्यावर बसून चहा पीत होते. गायक फोनमध्ये बघत होता, बासवाला जमिनीकडे. आणि तो माणूस फार चांगला होता. जाताना मला नमस्कार करून गेला, राग धरायलासुद्धा जागा ठेवली नाही त्याने.

त्या अल्बममधलं एक गाणं चाललं. सोसायट्यांच्या गणपतीत वाजलं, कॉलेजांत वाजलं, ऑफिसात कुणाच्या तरी फोनची रिंगटोन झालं. लोक मला येऊन सांगायचे, काय वाजवलंयस! मी सांगायचे, ते मी नाही वाजवलं. तर म्हणायचे, बघा, इतकं नाव झालं तरी किती साधी आहे. मामाच्या पार्टीतल्या पॅडवाल्याने तर त्या गाण्यातली एक जागा हुबेहूब उचलली आणि मला मोठ्या कौतुकाने वाजवून दाखवली. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडून झाल्यावर जी तिडीक डोक्यात गेली ती पुढे उतरलीच नाही.

दुसऱ्या अल्बमची गाणी तयार झाली तेव्हा आम्ही आमच्या गच्चीवर बसलो होतो. गाणी खरंच चांगली होती. एक टँकरची वाट बघणाऱ्या बाईचं, ते अर्थात बासवाल्याच्या घरावरून सुचलेलं. एक बंद लिफ्टमध्ये भेटलेल्या दोघांचं. आणि शेवटचं सगळ्यांत वेगवान, ज्याच्या कोरसला मेलेला माणूससुद्धा उठून नाचेल. ऐकून झाल्यावर मी म्हटलं, “या वेळी मी वाजवणार. सगळी गाणी. जमायला वेळ लागला तर अल्बम थांबेल, पण माझ्या नावावर दुसऱ्याचे हात नकोत.”

गायक म्हणाला, “हे बघ, टेन्शन नको घेऊ. आता सॉफ्टवेअर इतकं भारी आलंय की ड्रमर लागतच नाही. कुणाला कळणारपण नाही.”

“मला कळेल.”

“मलापण कळेल,” बासवाला म्हणाला. “मला हिच्याबरोबर वाजवायचंय यार, लॅपटॉपबरोबर नाय.”

त्या एका वाक्यावर मी त्याला जन्मभर पाणी भरू देईन.

स्टुडिओत जायचं नाही हे माझं मीच ठरवलं होतं. तिथं घड्याळ मानगुटीवर बसतं. आपली जागा हवी, चुकायला मोकळीक हवी. आमचं जुनं घर पाडून बाबाने त्याच जागी बिल्डिंग बांधली, वर आम्ही आणि खाली भाडोत्री. रस्त्याकडची तळमजल्याची मोठी खोली तेव्हा रिकामी होती. मी बाबाकडे मागितली. आमच्यात बापाला अरे-तुरे करतात, त्याने मान कमी होत नाही. बाबा छताकडे बघत बोलला, “नवा भारोत्री येईस्तवर घे. टेलर हाय, त्याला सबूद दिलाय.”

गावठाणात घरं इतकी चिकटून की शेजारच्या मिक्सरमध्ये काय वाटलं जातंय ते ओळखता येतं. तिथं ड्रम्स वाजवायचे म्हणजे खोली आवाजबंद करणं आलं. पावण्याच्या आमच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते. ते शुक्रवार मी या कामाला लावले. खिडकी विटांनी बुजवली. रस्त्याकडच्या दारात रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारा दगडी कापूस ठासला, आतून दोन थर प्लाय मारलं, वर जुन्या गोधड्या लटकवल्या. जायला-यायला जिन्याकडचं दार ठेवलं. रस्त्याकडच्या दारावरच्या प्लायचे स्क्रू मी स्वतः पिळले, आणि एवढे घट्ट पिळले की गायक म्हणाला, हे आता भूकंपातच निघेल. खोलीत शिरलं की कान दडपल्यासारखे व्हायचे. मला ते फार आवडायचं.

मग क्लिकचं भूत मानगुटीवर घेतलं. ऑफिसात व्हाउचर तपासताना कानात क्लिक, बसमध्ये क्लिक, स्वयंपाकघरात क्लिक. बाबा एकदा ओट्याशी येऊन उभा राहिला आणि बोलला, “भाकर थापतंस का घर्‍याल चालवतंस?” आई म्हणाली, लग्न करून सासरी गेली असतीस तर ही थेरं सुचली नसती. मी त्याच ठेक्यात भाकरी उलटली.

आणि हळूहळू जमायला लागलं. कोरस आला की मी बासवाल्याच्या हातांकडे बघायचे. तो हसायचा नाही, मान डोलवायचा नाही, नुसता क्लिकवर उभा असायचा, आणि मी त्याच्याबरोबर थांबायला शिकले. टँकरचं गाणं झालं. लिफ्टचं झालं. एकेक टेक गायक लॅपटॉपवर तपासायचा, भिंग लावून बघितल्यासारखा, आणि म्हणायचा, “बसलंय.” त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठं सर्टिफिकेट. शेवटी ते एकच वेगवान गाणं उरलं. ते काही केल्या हाती येईना. शेवटच्या कोरसला मी सुटायचे, दर वेळी.

अशाच एका फसलेल्या टेकनंतर बाबा खाली आला. खोली तयार झाल्यापासून तो पहिल्यांदाच आत आला होता. गोधड्यांवरून हात फिरवत चालत गेला, रस्त्याकडच्या भिंतीपाशी थांबला, मागे वळला.

“पोरी, पालखीचा दरवाजा कं गेला?”

मी काठ्या खाली ठेवल्या.

आमच्या गावदेवीची पालखी वर्षातून एकदा घरोघर फिरते. देवळातून निघाली की पहिल्यांदा बसते ती आमच्याकडे. हा आमच्या घराचा मान. जुन्या घराची ओटी जिथं होती तिथंच ती बसायची, आणि घर जाऊन बिल्डिंग आली तरी पालखीने जागा बदलली नाही. ती जागा म्हणजे हीच खोली. दर वर्षी त्या दिवशी भाडोत्री आपली खाट उचलून बाहेर ठेवायचा, आई खोली धुऊन काढायची, रस्त्याकडचं दार सताड उघडायचं आणि पालखी आत यायची. जन्मापासून मी हे बघत आले. तेच दार मी माझ्या हाताने बुजवलं, आणि बुजवताना एकदाही मनात आलं नाही! पालखी मला पाठ होती, ओटीही पाठ होती. पण या खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणायला लागलो आणि माझ्या लेखी ती दुसरीच कुठली तरी खोली झाली.

“भिंतीत गेला,” मी म्हटलं.

बाबा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या ड्रमच्या स्टुलावर बसला आणि काय काय उरलंय ते त्याने विचारून घेतलं. मी सांगितलं, एक गाणं. पालखी अगदी तोंडावर आली होती, आणि पालखी होऊन गेली की दुसऱ्या सकाळी टेलर मशिनी घेऊन येणार होता. एकदा प्लाय काढलं की आवाजबंद खोली संपली. सगळं ऐकून बाबा वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने सांगितलं की तो समोर राहणाऱ्या माझ्या चुलत्याकडे जाऊन आला. या वर्षी पालखी पहिल्यांदा चुलत्याच्या ओटीवर बसेल. चुलत्याने वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला होता, तो कशाला नाही म्हणेल? “एक वरीस त्याचे दारान बसंल,” बाबा बोलला. “देवीला काय, तिना सगली घरा सारखीच. तू तुजा गाना कर.”

हे सगळं तो ताटाकडे बघून बोलत होता. माझा बाप माणसाच्या डोळ्यात बघून बोलणारा आहे. भाताची शेतं नव्या शहरासाठी सरकारने घेतली तेव्हाही त्याने मान खाली घातली नव्हती, असं आई सांगते. या घराकडे एवढा एक मान उरला होता आणि तो माझ्या एका गाण्यासाठी तो चुलत्याच्या हातावर ठेवून आला होता. मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा नाही, माझा.

“चुलत्याला सांग, नको,” मी म्हटलं. “पालखी आपलेच घरान बसंल. दरवाजा मी बंद केलाय, मीच उगरीन.”

“आनी गाना?”

“गाना पन करीन.”

बाबाने तेव्हा वर बघितलं. आणि भात दुसऱ्यांदा घेतला.

गायकाला फोन केला. त्याने सवयीप्रमाणे पर्याय मांडले. अल्बम पुढे ढकलता येईल, पण मग पुन्हा सगळी खोली उभी करावी लागेल. किंवा अंधेरीवाला तो ड्रमर, त्याच्याशी बोलणं झालंय, रविवारी मोकळा आहे, एका गाण्यासाठी नक्की येईल. “एकच गाणं आहे गं,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “बाकी सगळी तूच वाजवलीस ना?”

“एकच आहे म्हणूनच नाही.”

तो म्हणाला, “ओके. प्लाय काढायला कधी येऊ?”

दार उघडायला आम्हा तिघांना पहार, हातोडा आणि भरपूर शिव्या लागल्या. पिळून बसवलेले स्क्रू निघेनात, काहींची डोकीच उडाली. ड्रमसेट जिन्यात नेऊन चादरीखाली ठेवला. गोधड्या उतरल्या, रॉकवूलचे तुकडे गोणीत भरले, आणि संध्याकाळी रस्त्याकडचं दार उघडलं तेव्हा समोरच्या ओटीवर चुलता बसला होता. आमच्याकडे बघून त्याने पान थुंकलं आणि तो आत गेला. बाबा खोलीच्या मध्ये उभा राहून हळू आवाजात कुठली तरी आरती गुणगुणत होता.

पालखी आली. बेंजो पुढे, गुलाल, भंडारा, भोयांच्या पायांवर आईने पाणी ओतलं, बाबाने नारळ दिला. पालखी नेहमीच्या जागी चौरंगावर बसली. त्याच जागी आदल्या दिवसापर्यंत माझा ड्रम होता, हे आम्हा घरच्यांना आणि बँडलाच माहीत. बासवाला भक्तिभावाने हात जोडून उभा होता आणि मला कोपराने ढोसत होता. मी देवीकडे काही मागितलं नाही. वाजवायचं मलाच होतं, तिला कशाला मध्ये घालू?

पालखी पुढच्या घराकडे गेली तशी आम्ही लागलो. ओल्या लादीवरची फुलं गोळा केली, लादी पुसली, सेट मांडला, माइक लावले. रस्त्याकडचं दार नुसतं ओढून घेतलं, पालखीच्या दिवशी आमच्या आवाजाची तक्रार कोण करणार? साधं लाकडी दार ते, फटीतून सगळा गाव आत येत होता. गायक हेडफोन लावून म्हणाला, “अरे, बाहेरचा बेंजो ऐकू येतोय.”

“येऊ दे.”

“तसं नाही. तू बघ.”

तेव्हा मला कळलं तो काय म्हणतोय ते. पालखी आळीच्या दुसऱ्या टोकाला नाचत होती आणि बेंजोवाले चढत होते. तोच ठेका, ज्यावर मी वाढले. तो मला बाहेरून हाका मारत होता आणि कानात क्लिक आपल्या जागी टिक टिक करत होती. मी क्लिकचा आवाज वाढवायला सांगितला. पहिला टेक गेला, दुसरा गेला. पुढचे किती गेले कोण जाणे. हाताच्या फोडाला बासवाल्याने चिकटपट्टी गुंडाळली. दार ढकलून कुणीतरी डोकावलं, बाबाने बाहेरून त्याला ओढलं. गायकाने एकदाही त्या ड्रमरचं नाव काढलं नाही, यासाठी त्याचे मी आभार मानायला हवेत, ते अजून मानलेले नाहीत.

आणि मग एका टेकला आम्ही तिघं एकत्र शिरलो आणि एकत्रच बाहेर पडलो. पहिला कोरस, दुसरा कोरस, मी क्लिकवर होते, घट्ट. शेवटच्या कोरसला बाहेर कुणीतरी जोरात आरोळी ठोकली आणि माझे हात जरासे पुढे गेले. जरासेच. पुढच्याच ओळीला मी त्यांना परत आणलं आणि गाणं संपवलं. मला काठ्या हातातून सोडवेनात.

गायकाने लॅपटॉपवर ऐकलं, पुन्हा ऐकलं, स्क्रीनवर बोट ठेवलं. “हाच टेक. फक्त इथं थोडी पळालीस. हे ठोके माऊसने मागे ओढतो, मिनिटाचं काम आहे.”

“हात लावायचा नाही.”

“अगं, लोकांना ऐकू येईल.”

“त्यासाठीच काढतोय ना अल्बम?”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बासवाल्याकडे. बासवाला कॅन शोधत होता. गायकाने लॅपटॉप बंद केला. सकाळी टेलर आला तेव्हा खोलीत गुलालाशिवाय काही उरलं नव्हतं.

अल्बम आला. पहिल्याएवढा चालला नाही, हे खरं ते सांगायला हवं. टँकरचं गाणं लोकांनी उचललं, बाकीची हळूहळू चालतायत. आता शोला लोक शेवटचं गाणं मागतात तेव्हा मी मनसोक्त पळते, तिथं कोण क्लिक लावतंय? ऑफिसात मात्र कुणी ड्रम्सबद्दल विशेष काही बोललं नाही, आणि बरेच दिवस मी रोज फोनवर खालच्या कमेंटी वाचत राहिले. गायकाचा आवाज, गायकाचे शब्द, गायकाचा शर्ट. ड्रम्सचं नाव नाही.

मग एका रात्री जेवताना ती कमेंट दिसली. कुणी अनोळखी माणूस. मी बाबाला मोठ्याने वाचून दाखवली. “पहिल्या अल्बमला ड्रम्स कसले टाइट होते. या वेळी शेवटच्या गाण्यात ड्रमरबाई घाई करते, मजा गेली.”

बाबाचा घास हातातच राहिला. “कोन यो?” तो तापून बोलला. “कनचे गावचा? दे त्याचा नंबर, मी बोलतू त्याच्याशी.”

मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आई म्हणाली, ठसका लागला काय, पाणी पी.

“नको, बाबा,” मी म्हटलं. “बरोबर बोलतंय तो. तितं घाई मीच केली.”